गाईच्या घशातली चामखीळ

नमस्कार मंडळी. आज गाईच्या घशाबद्दल बोलायचंय. सडावर नाहीतर मानेवर चामखीळ आली की आपल्याला लगेच दिसते, पण तशीच चामखीळ जिभेच्या मागे, टाळूला, अन्ननलिकेत, अगदी कोठीपोटातसुद्धा येते, आणि ती कुणालाच दिसत नाही. ही आतली चामखीळ एका विषाणूमुळे होते, बॉवाइन पॅपिलोमा व्हायरस, त्यातला ४ नंबरचा प्रकार. धडधाकट जनावरात ती येते आणि बहुतेक वेळा काही महिन्यांनी आपली आपण जाते. हे लक्षात ठेवा, आपली आपण जाते. कारण पुढची सगळी गोष्ट ती का जात नाही याची आहे, आणि ही गोष्ट मला सांगायला फार आवडते, तेव्हा जरा निवांत ऐका.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला विल्यम जॅरेट म्हणून जनावरांचे डॉक्टर होते. मोठा माणूस. मांजरांना ल्युकेमिया करणारा विषाणू १९६४ साली यांनीच आणि यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. तर या जॅरेटांच्या आणि त्यांच्या टीमच्या लक्षात आलं की डोंगराळ भागातल्या काही गोठ्यांमधल्या गाई घशाच्या नाहीतर पोटाच्या कॅन्सरने मरतायत. आता गाईगुरांत अन्नमार्गाचा कॅन्सर तसा दुर्मिळ, मग इथेच इतका कसा? त्यांनी मेलेली जनावरं उघडून तोंडापासून पोटापर्यंत सगळं तपासलं. जिथे कॅन्सरची गाठ, तिथेच आजूबाजूला चामखिळी. एकदोन नव्हे, कितीतरी. चामखिळी सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या तर त्यात विषाणू सापडला.

(इथे एक सांगू का, मेलेलं जनावर उघडून बघायला आपण लोक फार टाळतो, पुरून मोकळे होतो. मला ते अजिबात पटत नाही. एक जनावर गेलं ते गेलंच, पण उघडून बघितलं तर मागची दहा वाचू शकतात. असो.)

तर चामखिळीत विषाणू सापडला, पण विषाणू बाकीच्या ठिकाणच्या गाईंतही होताच की, तिकडे कॅन्सर का नाही? मग नजर गेली चरायच्या रानाकडे. या गाई ज्या उतारांवर चरायच्या ते ब्रॅकनने भरलेले होते. ब्रॅकन म्हणजे नेच्याची एक जात, कमरेएवढी वाढते आणि हटता हटत नाही. त्यात टॅक्विलोसाइड नावाचं विष असतं, ते पेशीतल्या डीएनएला इजा करतं. शिवाय ब्रॅकन सतत पोटात गेलं की जनावराची प्रतिकारशक्ती ढासळते. म्हणजे बघा, चामखीळ घालवायचं काम जी प्रतिकारशक्ती करते तीच लंगडी झाली, मग चामखीळ जाणार कशी? ती राहते, पसरते, आणि वर ब्रॅकनचं विष रोज तिच्यावरून जातंय. विषाणू आणि ब्रॅकन, दोघांनी मिळून केलेलं काम आहे हे. परत सांगतो, दोघांनी मिळून. १९७८ साली त्यांनी हे मांडलं. पुढे वासरांना मुद्दाम हा विषाणू देऊन काहींना ब्रॅकन खाऊ घातलं, तर ब्रॅकन खाणाऱ्यांच्या चामखिळी पसरत गेल्या आणि त्यातल्या काहींना पुढे खरोखर कॅन्सर झाला. हे काम १९९४ साली छापून आलं, म्हणजे बघा किती वर्षं एका प्रश्नामागे लागून राहिली ही माणसं!

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. कॅन्सरच्या गाठीत त्यांनी विषाणू शोधला तर तो तिथे नव्हताच! चामखिळीत आहे, पण गाठीत त्याचा डीएनएसुद्धा नाही. विषाणू सुरुवात करून देतो आणि निघून जातो, पुढे त्याची गरजच उरत नाही. बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये उलट आहे, तिथे विषाणूचा डीएनए गाठीत टिकून राहतो, तो शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. जनावरांवर काम करणाऱ्यांची नावं मात्र कुणाला माहीत नसतात, मला याचं मनापासून वाईट वाटतं. या विषाणूविरुद्धची लसही ग्लासगोच्याच मंडळींनी, सावेरिया काम्पो आणि सहकाऱ्यांनी, वासरांवर करून बघितली आणि ती वासरं चामखिळीपासून वाचली.

आता थोडं कामाचं. हा कॅन्सर बहुतेक मोठ्या वयाच्या गाईत, साधारण सहा वर्षांच्या पुढे दिसतो. गाय हळूहळू वाळते, गिळताना त्रास होतो, लाळ गळते, घास परत बाहेर येतो, आणि गाठ अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला असेल तर पोट पुन्हा पुन्हा फुगतं. एकदा फुगलं आणि उतरलं, तर ते खाण्यातलं काहीतरी असू शकतं. पुन्हा पुन्हा फुगत असेल, पुन्हा पुन्हा, आणि गाय वाळत चालली असेल, तर डॉक्टरांना घसा बघायला सांगा, आणि ती कुठल्या रानात चरते तेही आपणहून सांगा, नाहीतर ते विचारायचं राहून जातं. कॅन्सर झाल्यावर औषधाने बरं होत नाही. त्यामुळे जे काही करायचं ते रानातच, ब्रॅकन असलेल्या जागी जनावर सोडू नका, विशेषतः बाकी चारा कमी असतो तेव्हा, कारण भुकेलं जनावर तेव्हाच त्याला तोंड लावतं. आणि एक, ब्रॅकनचं ते विष दुधातूनही उतरतं, म्हणून दुभत्या गाईला तर त्या रानाच्या जवळपासही नेऊ नका.