फॉर्मॅट मारण्याआधी

अध्यक्ष महोदय, आणि पारा एवढा चढलेला असताना घरचा कूलर सोडून आलेल्या मंडळींनो, नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘चालू न होणारा जुना संगणक : घरच्या घरी उपाय’. वेळ चाळीस मिनिटं. पहिल्या ओळीतले आत्ताच हसायलेत, कारण चाळीस मिनिटांत मी जेमतेम विषयाच्या उंबऱ्याशी पोचतो हे त्यांना ठाऊक आहे. आणि दाराजवळ एक काका चादरीत काहीतरी गुंडाळून बसलेत. सीपीयूच आहे ना? काका, गाठ सोडू नका एवढ्यात. खरं तर त्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणणं चूक आहे. सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीएवढी एक चिप. पण सगळं सोलापूर म्हणतंय तर मीही म्हणतो. भांडायला दुसरे विषय आहेत.

मी काही इंजिनिअर नाही. माझं आयुष्य चादरीची नक्षी काढण्यात गेलं. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचा, त्यावरून जॅकार्डची, म्हणजे नक्षीप्रमाणं भोकं पाडलेली, कार्डं करायची, ती दोऱ्यात ओवून मागावर चढवायची. भोक असेल तिथं धागा उचलायचा, नसेल तिथं नाही. म्हणून कुणी म्हटलं की संगणक आपल्याकडं बाहेरून आला, तर मला हसू येतं. फ्रान्समधल्या ल्योंच्या जॅकार्डनं 1804 च्या सुमारास ही युक्ती मागावर बसवली. त्याचंच एक चित्र पुढं रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे 24,000 कार्डं लागली. ते चित्र इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजच्या संग्रही होतं, आणि त्यानं आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी तीच भोकाची कार्डं योजली. 1890 ची अमेरिकेची जनगणनासुद्धा भोकं पाडलेल्या कार्डांवर मोजली. म्हणजे नात्यानं बघितलं तर संगणक हा मागाचा नातू. आपल्या पूर्व भागातल्या कुठल्याही विणकराला ‘शून्य आणि एक’ समजावून सांगायची गरज नाही.

आता माग बिघडला तर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, काय करतो? नक्षी चुकली म्हणून सगळी कार्डं फाडून शेगडीत घालतो का? तो बघतो, कुठल्या ओळीला चुकली. मग तेवढं कार्ड काढतो. एवढंच मला आज सांगायचंय. पण संगणक बिघडला की आपली माणसं काय करतात? फॉर्मॅट मारतात, म्हणजे डिस्क रिकामी करून सगळं नव्यानं घालतात! ‘मारतात’ हा शब्दसुद्धा किती अचूक आहे बघा.

माझी गोष्ट सांगतो. ज्यांनी ऐकलीय त्यांनी परत ऐकावी.

2008 चा जानेवारी. सोलापूरची गड्ड्याची जत्रा, चार दिवस काम बंद. निघताना मी शहाण्यासारखा भिंतीवरचा बोर्डच बंद केला. पाचव्या दिवशी येऊन चालू करतो, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, ‘नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर’. सात वर्षांच्या नक्ष्या आत. वाघ, मोर, कोयरी, एका लग्नाच्या ऑर्डरीसाठी काढलेली नवरा-नवरीची नावं. मी घाबरलो आणि डबा उचलून एका दुकानात नेला. कुठल्या ते विचारू नका, त्याचे काका इथं बसलेले असायचे.

संध्याकाळी तो पोरगा म्हणाला, “घ्या, एकदम नवीन करून दिलं. काय फास्ट चालायलंय बघा!” चालणारच की ओ, आत काहीच नव्हतं. रिकाम्या बैलगाडीला कसला भार? मी विचारलं, माझ्या फायली? तर म्हणे, “तुम्ही सांगितलं नाही.” आणि वर एका पिशवीतून फ्लॉपी, म्हणजे फायली ने-आण करायची ती जुनी चौकोनी चकती, काढून माझ्या हातात दिली, “ही आत राहिली होती.”

मंडळी, त्यानं माझ्या हातात रोगच काढून दिला होता आणि आम्हा दोघांनाही कळलं नाही.

कळलं मे महिन्यात. भारनियमन जोरात, दिवसातून चारदा वीज जायची. एकदा वीज आली, चालू केलं, परत तीच पांढरी अक्षरं. या वेळी मात्र मी रागानं तसाच बसून राहिलो, आणि बसल्याबसल्या दिसलं की फ्लॉपीचं तोंड भरलेलं आहे. काढली, एक बटण दाबलं, विंडोज आली. तारीख मात्र 1 जानेवारी 2002. तेव्हा डोक्यात उजेड पडला. आतल्या पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर 2032, तीन व्होल्टचा. भिंतीवरच्या बोर्डावरून वीज येत असते तोवर हा सेल मेला तरी कळत नाही. पूर्ण बंद केलं की घड्याळ जातं आणि आपण लावलेल्या सेटिंगही जातात. मी पूर्वी ‘आधी हार्ड डिस्क बघ’ असं लावून ठेवलं होतं, ते विसरून यंत्र ‘आधी फ्लॉपी बघ’ या मूळ सवयीवर गेलं. फ्लॉपी होतीच आत, कार्ड पाडणाऱ्याकडं नेण्यासाठी घातलेली. म्हणजे दोन चहाच्या किमतीचा सेल आणि एक विसरलेली फ्लॉपी. त्यापायी सात वर्षं गेली.

खरं दुःख पुढंच आहे. झटपट फॉर्मॅटमध्ये फायली पुसल्या जात नाहीत, फक्त त्यांची अनुक्रमणिका जाते. त्याच दिवशी यंत्र बंद करून ठेवलं असतं तर बरंच परत मिळालं असतं. मी मात्र जानेवारी ते मे त्याच डिस्कवर नवीन नक्ष्या काढत बसलो, जुन्यांच्या उरावर. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “म्हणजे निम्मं त्यानं मारलं, निम्मं तुम्ही.”

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं? अहो, आत्ता तर उंबरा… बरं, बरं.)

तर मूळ विषय, पळतपळत. यंत्र कुठं थांबतं ते बघा.

काहीच हलत नाही, पंखासुद्धा नाही, तर भिंतीचा सॉकेट, वायर, मागचा छोटा स्विच, मग पॉवर सप्लाय, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा. तो दुसरा लावून बघा, पण उघडू नका. वायर काढली तरी आत विजेचा दाब साठलेला असतो.

पंखा फिरतो पण पडदा काळा, तर वायर काढा, पत्र्याला हात लावा, रॅमची, म्हणजे तात्पुरत्या आठवणीची, पट्टी काढा, तिच्या पिवळ्या दातांवर शाळेचा खोडरबर हलक्या हातानं फिरवा, टक आवाज येईपर्यंत परत बसवा. निम्मी जुनी यंत्रं इथंच उठतात, हा माझा अनुभव. आणि पंख्यातला कापूस काढा. आपल्याकडं मागाशेजारच्या यंत्रात एवढा कापूस निघतो की बाळाची दुपटी भरावी. गरम झालं की ते बिचारं आपोआप बंद पडतं. पाटीवरच्या छोट्या डब्यांची डोकी फुगलेली दिसली तर ते कपॅसिटर गेलेत. 2000 नंतरच्या काही वर्षांतल्या पाट्यांना हा रोग फार.

अक्षरं येतात पण पुढं जात नाही, तर फ्लॉपी, पेन ड्राइव्ह, सीडी सगळं काढा. तारीख बघा, चुकली असेल तर सेल बदला. मग सेटिंगमध्ये हार्ड डिस्कचं नाव दिसतंय का बघा. दिसत नसेल तर तिची केबल. यंत्र उठण्याला ‘बूट’ म्हणतात, ती भानगड बुटाच्या मागच्या पट्टीवरून आलीय, स्वतःची पट्टी ओढून स्वतःलाच वर उचलायचं. जुन्या यंत्रात डिस्कच्या पहिल्या 512 बाइटमध्ये ती पट्टी असते. यावर वेगळं व्याख्यान होईल… अध्यक्ष मान हलवायलेत, आडवी.

विंडोजचं चित्र येऊन परत फिरतं, तर एक्सपी किंवा सेव्हन असेल तर सुरुवातीलाच एफ-8 दाबत राहा, सेफ मोड, म्हणजे कमीत कमी गोष्टींवर चालणारी विंडोज, निवडा.

तेही जमलं नाही तरी फायली गेल्या असं समजू नका. विंडोजऐवजी सीडीवरून चालणारी हलकी लिनक्स मिळते, डिस्कला धक्का न लावता फायली बाहेर काढता येतात. फार जुनी यंत्रं पेन ड्राइव्हवरून उठत नाहीत, म्हणून सीडी म्हणालो. किंवा डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीनं दुसऱ्या यंत्राला लावा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र तिथंच थांबा, वायर काढा, जाणकाराकडं न्या. आणि दुकानात देताना कागदावर लिहून द्या, ‘विचारल्याशिवाय फॉर्मॅट मारू नये’. खाली त्याची सही घ्या. लाजू नका.

झालं, झालं, बसतो. आभार थोडक्यात आटपा, म्हणजे हे टेबल मोकळं होईल. काका, या पुढं, सोडा आता चादरीची गाठ. कुणाकडं खोडरबर आहे का?