वृंदावनाच्या उंचीची बाग

(फोंडा येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, दिव्यांगांसाठी बाग म्हटलं की कुणीतरी मोबाईलवर परदेशातले फोटो काढून दाखवतं. मी म्हणतो, आधी आपल्या अंगणात बघा. तुळशीवृंदावन म्हणजे काय? चिऱ्यांनी बांधलेला, कमरेइतका उंच वाफाच की तो! आजीचे गुडघे गेले, तरी तुळशीला पाणी घालायचं काही तिनं सोडलं नाही. वाकावं लागत नव्हतं ना!

पण वृंदावन तसंच्या तसं उचलून चालणार नाही. ते भरीव असतं. व्हीलचेअरवरच्या माणसाचे गुडघे त्याला अडतात, मग तिरकं बसून हात लांबवायचा. दहा मिनिटांत खांदा भरून येतो. म्हणून वाफा टेबलासारखा हवा, खाली साधारण 70 सेंटीमीटर मोकळं. पेटी गुडघ्यांच्या बाजूला उथळ आणि पलीकडे खोल ठेवायची, नाहीतर माती छातीशी येते. उथळ बाजूला तांबडी भाजी, कोथिंबीर. खोल बाजूला मिरची. एका बाजूनंच हात पोचणार असेल, तर रुंदी 60 सेंटीमीटरच्या वर नको.

आता वाट. आपल्याला चिऱ्याचं भारी प्रेम, पण पावसात त्याच्यावर शेवाळ धरतं आणि कुबड्या घेतलेला माणूस जूनपासून घरीच बसतो. सुट्या खडीत चाक रुततं. त्यापेक्षा खरबरीत काँक्रीट बरं, दिसायला रुक्ष असलं तरी. उताराचं गणित एकाला बारा: जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब. इतकी जागा ऐकली की आर्किटेक्टचा चेहरा पडतो.

अंध मंडळींसाठी पानओवा, गवती चहा, मोगरा आहेतच. पण कुंड्या दर आठवड्याला हलवू नका; त्यांच्या डोक्यात बागेचा नकाशा असतो. वाटेला काठीला लागेल अशी कड ठेवा. ब्रेल पाट्या जरूर लावा, मात्र सगळेच अंध ब्रेल वाचतात असं नाही.

2016 च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. म्हणजे कुणाला सावली हवी, कुणाला शांत कोपरा, तर कुणाला जाड मुठीची खुरपी. खुरपीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली तरी भागतं. 2023 च्या जानेवारीत पणजीला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला, तिथं अशी किती माणसं आली होती! त्यांना विचारा ना. त्यांना बाग नुसती बघायची नाही, मातीत हात घालायचाय.

एका बागेत आम्ही गेलो होतो. कुठली ते राहू दे. आत वाफे उत्तम, नळाला दांडी, बाकांना हात. पण फाटकात दुचाक्या शिरू नयेत म्हणून लोखंडी वळसा बसवलेला. आमच्यातली व्हीलचेअर त्यातनं जाईना. मागचं गेट होतं, त्याला कुलूप. किल्ली माळ्याकडे, आणि माळी जेवायला गेलेला.