हे ड्रम मशीन नाहीये! फिअर फॅक्टरीचा 'डीमॅन्युफॅक्चर'

अल्बमचं पहिलंच गाणं लावा. आधी नुसती मशिनरीची घरघर, मग किक ड्रम (पायाने पेडल दाबून वाजवायचा तो मोठा ड्रम) आणि गिटार एकदमच अंगावर येतात. एकदम म्हणजे अगदी एकदम हां. ड्रमर रेमंड हेरेराचे पाय पेडलवर पडतात त्याच क्षणी गिटारिस्ट डिनो काझारेसचा हात तारेवर, पाय थांबले की गिटार पण गप्प, आणि मधे जी एवढीशी गॅप राहते ना ती पण कशी ब्लेडने कापल्यासारखी स्वच्छ. पहिल्यांदा ऐकणारे बरेच जण म्हणतात, हे कॉम्प्युटरवर प्रोग्राम केलंय. नाही हो! किकला ट्रिगर (ठोका पडला की ठरलेला आवाज काढणारा सेन्सर) लावून आवाज एकसारखा केलाय हे खरंय, पण पाय माणसाचेच आहेत.

ही फिअर फॅक्टरी, लॉस एंजेलिसची मेटल बँड. आणि हा त्यांचा दुसरा स्टुडिओ अल्बम, 'डीमॅन्युफॅक्चर', जून 1995, रोडरनर रेकॉर्ड्स.

1992 चा पहिला अल्बम 'सोल ऑफ अ न्यू मशीन' तसा डेथ मेटलच्याच, म्हणजे मेटलमधल्या सगळ्यात जड, गुरगुरत्या प्रकाराच्या घरातला होता. खरी गंमत झाली 1993 मध्ये, त्यातलीच गाणी यांनी फ्रंट लाइन असेंब्ली या इलेक्ट्रॉनिक बँडच्या रीस फुल्बरकडे रिमिक्सला दिली. आता तेव्हाच्या मेटलवाल्यांसमोर रिमिक्स म्हणजे काय, शिवीच जवळपास. पण यांना तिथे आपला रस्ता सापडला.

मग न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं, प्रोड्यूसर कॉलिन रिचर्डसन, म्हणजे कार्कस या मेटल बँडचा 'हार्टवर्क' अल्बम करणारा माणूस, गिटारचा आवाज कसा काढायचा हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण मिक्सिंगला, म्हणजे कुठला आवाज पुढे आणि कुठला मागे हे ठरवताना, गाडी अडली. त्याच्या मिक्समध्ये गिटार पुढे आणि कीबोर्ड मागे, आणि बँडला तर कीबोर्डच पाहिजे होते, कारण सगळी गोष्टच माणूस विरुद्ध मशीन अशी, 'टर्मिनेटर' पिक्चरच्या वळणाची (एका गाण्याचं नावच 'हंटर-किलर', त्या पिक्चरमधल्या माणसं मारणाऱ्या मशीन्सचं, अजून काय सांगायचं). शेवटी फुल्बर आणि ग्रेग रीली यांना बोलावून बँडने त्यांच्यासोबत परत मिक्स केलं. माझ्या मते अल्बम खरा घडला तो इथे. ते थंडगार सिंथ (कीबोर्डचे इलेक्ट्रॉनिक आवाज) काढून टाका, मागे उरतो तो एक चांगला पण साधा मेटल अल्बम.

आणि बर्टन सी. बेलचा आवाज! 'रेप्लिका' ऐका, आधी घसा फाडून ओरडतो आणि कोरसला येऊन चक्क सुरात गातो. बाकी सगळे मशीनसारखे वाजवतायत आणि त्यात हा एकटाच माणूस अडकलाय असं वाटत राहतं. ओरडणं आणि गाणं एकाच गाण्यात, हे पुढे इतक्या बँड्सनी उचललं की आज त्यात काही विशेष वाटत पण नाही.

सगळंच भारी आहे असं नाही. 'डॉग डे सनराइज', हेड ऑफ डेव्हिड या दुसऱ्या बँडच्या गाण्याचं कव्हर, तिथे मला जरा ढिलं पडल्यासारखं वाटतं. पण 'झिरो सिग्नल' घ्या, ते तर 'मॉर्टल कॉम्बॅट' पिक्चरच्या साउंडट्रॅकवर गेलं, मेटलशी काही घेणंदेणं नसलेल्या पोरांच्या कानावर सुद्धा ते तिथून पडलं.

1997 मध्ये यांनी 'डीमॅन्युफॅक्चर'मधली बहुतेक गाणी परत रिमिक्स करून 'रीमॅन्युफॅक्चर' नावाने अल्बम काढला. त्यात बऱ्याच ठिकाणी हेरेराच्या पायांच्या जागी खरंच प्रोग्राम केलेले बीट्स आहेत. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा, मी तर दर वेळी पहिल्याकडेच परत येतो.