जुनं इंद्रजाल हाती आलं? सेलोटेप लावायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी! हा माझ्या हातात आहे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा एक अंक. सत्तरच्या दशकातला, वेताळाची, म्हणजे फँटमची, गोष्ट असलेला.

(अंक कॅमेऱ्याजवळ)

मुखपृष्ठाचे रंग अजून टवटवीत आहेत. कोपरे थोडे बोथट झालेत. आत पहिल्या पानावर कुणा मुलानं शाईच्या पेनानं आपलं नाव आणि इयत्ता लिहून ठेवलीय. इथवर सगळं छान. आता कणा बघा. वरपासून खालपर्यंत सेलोटेप! टेपचा चिकटपणा केव्हाच गेला, पट्टी सुटून आली, आणि तिच्याखाली कागदावर हा गडद पिवळा, तेलकट पट्टा उमटला. हा डाग घरच्या घरी निघत नाही. इतकी वर्षं कागदानं तग धरला, आणि सगळ्यात मोठं नुकसान झालं ते अंक जपायच्या धडपडीतून.

म्हणून जुनं कॉमिक घ्यायचं कसं, त्याची अवस्था ठरवायची कशी आणि ते ठेवायचं कसं, हे आज सांगतो. तिन्ही ठिकाणी माझा आग्रह एकच राहील: अंक पूर्ण असलेला घ्या, आणि घेतल्यावर तो आहे तसाच राहू द्या.

आधी घेण्याबद्दल. इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं मार्च १९६४ मध्ये. प्रकाशक बेनेट कोलमन, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियावाले. पहिले ३२ अंक सगळे वेताळाचेच. मग मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी अशी मंडळी येत गेली. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, आपल्या मातीतला नायक. १९९० मध्ये मालिका बंद झाली, तोवर एकूण ८०३ अंक निघाले होते.

आता इथे एक गोची आहे, आणि नवीन माणूस नेमका तिथेच फसतो. सुरुवातीची बरीच वर्षं अंकांना सलग क्रमांक होते. पुढे ती पद्धत बदलली आणि वर्ष व अंक असे दोन आकडे छापायला लागले. त्यामुळे 'अंक १२' एवढंच सांगून कुणी विकत असेल, तर आधी विचारा: सलग क्रमांक १२, की बाविसाव्या वर्षातला १२? पहिला अंक साठच्या दशकातला, दुसरा ऐंशीच्या. दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. फोटो मागायचा तो मुखपृष्ठाचा नुसता नाही, क्रमांक आणि तारीख जिथे छापलीय त्या जागेचाही मागायचा.

अमर चित्र कथेचं वेगळंच. तिची सुरुवात १९६७ ची, अनंत पैंनी उभी केलेली मालिका. पण संग्राहक ज्याच्या मागे असतात तो 'कृष्ण' क्रमांकानं ११ वा आहे, कारण आधीचे दहा क्रमांक परदेशी परीकथांना गेले होते. 'कृष्ण'ची चित्रं आपल्या राम वाईरकरांची. या मालिकेची पुनर्मुद्रणं इतकी झालीत की जुनी गोष्ट म्हणजे जुना अंक असं समजूच नका. नंतरच्या आवृत्त्यांना ५०१ पासून पुढचे नवे क्रमांक दिले गेले. 'कृष्ण'वर ५०१ दिसला, तर तो वाचायला उत्तम, पण जुन्या अंकाची किंमत त्याला मोजू नका.

अंक हातात आला की पहिलं काम काय? मुखपृष्ठ बघत बसू नका. मधलं पान उघडा.

(मधलं पान उघडून)

या दोन पिना. कॉमिकचा प्रत्येक कागद मधोमध दुमडून पिनांवर बसवलेला असतो, म्हणजे एका कागदाची चार पानं होतात. मुखपृष्ठ सोडून पानं मोजा. संख्येला चारनं भाग गेलाच पाहिजे. नाही गेला, तर मधलं काहीतरी फाटून गेलंय. आणि एक पान गेलं की त्याचं पलीकडचं जोडीदार पान पिनेत सैल लोंबतं, तेही हलवून बघा. पण संख्या बरोबर आली म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण अख्खा मधला कागद, म्हणजे एका झटक्यात चार पानं, सर्रास गळून पडतो आणि भागाकार तरीही जमतो! म्हणून गोष्ट वाचत जायची. चौकट मध्येच तुटली, संवाद लागत नाही असं वाटलं, तर तिथेच थांबायचं.

मग कणा. पूर्वी भाड्यानं कॉमिक देणाऱ्या लायब्ऱ्या दहा-बारा अंक एकत्र बाइंडिंग करून ठेवायच्या. बाइंडर कडेनं दोऱ्याची शिलाई घालायचा आणि तिन्ही बाजू कटरनं कापायचा. ते पुस्तक सोडवून अंक सुटे करून विकले जातात. कण्यापासून थोड्या अंतरावर ओळीत बारीक भोकं दिसली, किंवा चित्राची चौकट कागदाच्या काठाला अगदी भिडलेली दिसली, की समजायचं. असा अंक वाचायला घ्यायला हरकत नाही. संग्रहाच्या भावानं घेऊ नका.

नकली अंकांचंही सांगतो, कारण स्कॅनवरून छापलेल्या प्रती फिरतात. एक साधं भिंग घ्या आणि संवादाच्या अक्षरांवर धरा. मूळ छपाईत अक्षर काळ्या शाईचंच असतं. स्कॅन करून रंगीत प्रिंटरवर काढलेल्या प्रतीत त्याच काळ्या अक्षरात लाल, निळे, पिवळे ठिपके मिसळलेले दिसतात. नोटा तपासायची अतिनील टॉर्च मिळते, तीही कामाची. आजचा पांढराशुभ्र कागद तिच्याखाली निळसर चमकतो, जुना वर्तमानपत्री कागद तसा चमकत नाही.

कुठे घ्यायचं? मुंबईत फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची जुन्या पुस्तकांची दुकानं, आणि सगळीकडे आपला रद्दीवाला. त्याच्याशी ओळख ठेवा, मोबाइल नंबर देऊन ठेवा, नाहीतर माल थेट लगद्याला जातो. ऑनलाइन घेताना एवढंच बघा की विकणारा काय मागतोय ती किंमत नसते. तसाच अंक खरोखर कितीला विकला गेला, ती किंमत.

आता अवस्था ठरवणं, म्हणजे ग्रेडिंग. जगभर ०.५ ते १० अशी मोजपट्टी वापरतात. अमेरिकेत सीजीसी नावाची कंपनी २००० पासून अंक तपासून, ग्रेड देऊन, कडक प्लॅस्टिकच्या कवचात सीलबंद करून देते. तिकडे अर्ध्या गुणानंही किंमत कुठच्या कुठे जाते. सुपरमॅनचं पदार्पण असलेल्या १९३८ च्या अंकाची ८.५ ग्रेडची प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. लक्षात ठेवा, या मोजपट्टीवर 'गुड' म्हणजे फक्त २, आणि 'फाइन' म्हणजे ६. विकणाऱ्यानं 'गुड कंडिशन' लिहिलं की आकडा विचारा.

आपले अंक तिकडे पाठवावेत का? माझ्या मते, अगदीच दुर्मीळ काही असल्याशिवाय नाही. पाठवण्याचा खर्च अंकाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. त्यापेक्षा डोळा तयार करा. अंक उजेडात तिरका धरा आणि पिनांजवळ बघा: आडव्या बारीक पांढऱ्या रेघा दिसतील. कणा वाकून रंग तडकलाय. दोन-तीन रेघा असल्या तर अंक चांगला. रेघांची शिडी झाली असेल तर ग्रेडमध्ये खाली या. मग पिनांचा गंज, कागदावरचे तपकिरी ठिपके, ओलीची लाट, दुमडलेले कोपरे, कापून घेतलेलं कूपन. मुलाच्या नावानं गुण जातात, पण मला स्वतःला ते नाव असलेलं आवडतं. कुणाचं तरी ते कॉमिक होतं.

आणि दुरुस्ती. रंग भरलेला, फाटलेलं जोडलेला, कडा सरळ केलेला अंक सीजीसी जांभळ्या लेबलखाली वेगळा टाकते आणि त्याचा भाव पडतो. म्हणून सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, नवीन पिना नाहीत, आणि कृपा करून लॅमिनेशन तर अजिबात नाही. लॅमिनेट केलेलं मुखपृष्ठ परत कधीच सुटं होत नाही.

आता ठेवणं, आणि आपल्या हवेत हेच सगळ्यात अवघड. हा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य प्रकाशानं, हवेनं पिवळं पडतं, कागदात आम्ल तयार होतं आणि पान पापडासारखं कडकडीत होऊन तुटतं. हे थांबत नाही, फक्त मंदावता येतं. एकेक अंक पॉलिप्रोपिलीनच्या किंवा मायलरच्या, म्हणजे पॉलिएस्टर फिल्मच्या, पिशवीत ठेवा. पीव्हीसी नको, त्यातून निघणारी रसायनं छपाईला चिकटतात. मागे आम्लमुक्त पुठ्ठा लावा. साधा तपकिरी पुठ्ठा चालत नाही, त्यातलं आम्ल कागदात उतरतं. मग अंक खोक्यात उभे ठेवा, वाकणार नाहीत इतपत भरून, पण कोंबून नाही.

हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास हवी. जुलैत मुंबईत आणि कोकणात ती ऐंशीच्या वर जाते, कागद सादळतो, पिना गंजतात, बुरशी धरते. म्हणून खोकं बाहेरच्या भिंतीला टेकवायचं नाही, जमिनीवर नाही, आणि माळ्यावर पत्र्याखाली तर नाहीच. खोक्यात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की बदला. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास कागदात मुरतो. कडुनिंबाचा ओला पाला तर उलट ओलच आत नेतो.

रद्दीतून आणलेला अंक थेट संग्रहात ठेवू नका. कसर आणि झुरळाची अंडी त्यातूनच येतात. दोन-तीन आठवडे वेगळ्या बंद पिशवीत ठेवा, अधूनमधून झटकून बघा. बारीक भुसा पडला किंवा कडा कुरतडलेल्या दिसल्या, तर पिशवी हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये. बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, पूर्ण एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर थंड कागदावर दव धरतं.

पाऊस संपला की, दसऱ्या-दिवाळीच्या आवराआवरीत, कोरड्या दिवशी सगळी खोकी उघडा. सावलीत, उन्हात नाही. प्रत्येक अंकाच्या पिना बघा, पुठ्ठा पिवळा पडला असेल तर बदला, आणि वहीत क्रमांक, महिना, भाषा, ग्रेड लिहून ठेवा. मराठी अंक असतील तर त्यांची यादी वेगळी करा. इंग्रजीपेक्षा ते माझ्या हाती फार कमी लागतात, आणि ज्यांच्या घरात आहेत त्यांनाच बहुतेक वेळा ते माहीत नसतं.