कापडाखालचा कागद

(सोलापुरात घरगुती भरतकामाचा व्यवसाय करणाऱ्या महिलांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

बोलायला लागण्याआधी हे दोन टी-शर्ट फिरवते, हातात घेऊन बघा. दोन्ही मॅटीचे, म्हणजे टी-शर्टच्या दाणेदार विणीच्या कापडाचे, एकाच लॉटमधले. छातीवर डिझाइन तेच, धागा तोच, एकाच दुपारी माझ्याच भरतकामाच्या मशीनवर काढलेलं. नंतर घरच्या मशीनमध्ये दोन्ही आठ-दहा वेळा धुतले. एकावरचा बिल्ला अजून सपाट आहे. दुसऱ्यावर, पापड भाजताना कडा वळतात ना, तसं बिल्ल्याभोवतीचं कापड गोळा झालंय. आता दोन्ही उलटे करा. सपाट बिल्ल्याच्या मागे पांढरा मऊ तुकडा अजून चिकटून आहे. दुसऱ्याच्या मागे काहीच नाही, कारण तो कागद मी फाडून काढला होता. मशीनवरून उतरताना दोन्ही सारखेच देखणे दिसत होते, हे लक्षात ठेवा.

कंपन्या या कागदाला स्टॅबिलायझर म्हणतात. आपण दुकानात ‘पेपर द्या’ म्हणतो, आणि दुकानदार जो हाताला लागेल तो देतो. तिथेच चूक होते. दुकानात जाण्याआधी स्वतःला विचारायचं, की या कापडाला आधार किती दिवस हवाय? सुई चालतेय तेवढाच वेळ, की कपडा फाटेपर्यंत? कापडाचं नाव काय, हे मी त्यानंतर विचारते.

आधार लागतोच कशाला, ते आधी पाहू. एक गोल भरायचा आहे, टाके आडवे आहेत. प्रत्येक टाका धाग्याच्या ताणाने कापड थोडं आत ओढतो, म्हणून गोल बाजूंनी अरुंद होतो. आणि टाक्यांच्या ओळी एकमेकींना ढकलतात, म्हणून तो वरखाली लांबतो. गोलाचं उभं अंडं होतं. मग त्याभोवती काळी आउटलाइन मारली की डाव्या-उजव्या बाजूला फट दिसते, वरखाली रंग बाहेर सांडतो. आपण मशीनला शिव्या घालतो. मशीन बिचारं सांगितलेल्या जागीच सुई टोचतंय, जागेवरून हललंय ते कापड.

दुसरं म्हणजे छिद्रं. नेहमीच्या धाग्याला ओळींमधलं अंतर साधारण 0.4 मिलिमीटर ठेवतात. म्हणजे सॅटिन टाक्यातल्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत जवळजवळ टाके घालून भरलेल्या, अक्षराच्या एकेका कडेला, 1 सेंटीमीटरमध्ये 25 छिद्रं. पोस्टाच्या तिकिटाची कड आठवा, ती छिद्रांवरूनच फाटते. टेअर-अवे, म्हणजे फाडून काढायचा कागद, मुद्दाम असाच सहज फाटेल असा केलेला असतो. डेनिम, टेरीकॉट, शर्टाचं पॉपलिन यांना तो पुरतो, कारण ही कापडं स्वतःच घट्ट विणलेली असतात. मशीनवरून उतरल्यावर आपला भार आपण पेलतात. टी-शर्टचं तसं नाही. होजिअरी म्हणजे नुसते फासे. घालताना ताणणार, धुताना पिळली जाणार, आणि मध्ये आठ-दहा हजार टाक्यांचा न ताणणारा बिल्ला बसलेला. तिथे आधार कायमचा हवा. म्हणून कट-अवे, कापून कडेला थोडा शिल्लक ठेवायचा.

तो कापताना कात्री कापडाला लागू देऊ नका. टाक्यांच्या बाहेर अर्धा ते एक सेंटीमीटर सोडा आणि कोपरे गोल करा, टोकदार कोपरा अंगाला टोचतो. पांढरा किंवा फिका पातळ टी-शर्ट असेल तर जाड कट-अवे बाहेरून चौकोनासारखा दिसतो. त्यासाठी जाळीसारखा पातळ कट-अवे मिळतो, तो घ्या. आणि होजिअरीला 75 नंबरची बॉलपॉइंट सुई. साधी टोकदार सुई फासा तोडते, मग धुतल्यावर तिथून भोक वाढत जातं.

कापड कुठल्या जातीचं हे कळत नसेल तर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून उभं ओढा, आडवं ओढा, मग उरेब, म्हणजे तिरकं, ओढा. उभं-आडवं हललं नाही, फक्त उरेबात थोडं सरकलं, तर टेअर-अवे चालेल. कुठल्याही एका बाजूला रबरासारखं ताणलं तर कट-अवे, मग दुकानदार काहीही म्हणो. लेगिंगचं फोर-वे लायक्रा चारही बाजूंना पळतं. त्याला मी जाळीचे दोन थर आडवे-तिडवे लावते आणि डिझाइन हलकं घेते.

कापड धरायच्या फ्रेमबद्दल एकदाच सांगते. कागद डफासारखा ताणलेला हवा, टी-शर्ट मात्र त्यावर नुसता पसरलेला. टी-शर्टच ताणून फ्रेम आवळली, तर फ्रेम काढल्यावर कापड मूळ जागी परततं आणि बिल्ला तिथेच राहतो. चुण्या पडणारच. त्यावर जगातला कुठलाच कागद उपाय नाही.

आता आपल्या गावचा माल. सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि लग्नाच्या आहेरात नाव घातलेला टॉवेल द्यायची पद्धत आता बरीच वाढलीय. टॉवेलची अडचण खालून नसते, वरून असते. टेरीचे फासे टाक्यांमधून डोकं वर काढतात. नाव घातलेलं दिसतं, दोनदा धुतलं की अक्षरं गवतात बुडाल्यासारखी होतात. त्यासाठी वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म टाकायची. ती फासे दाबून धरते आणि टाके तिच्यावर बसतात. खाली कट-अवे नको, टॉवेलची मागची बाजूही लोक बघतात. टेअर-अवे लावा. आणि नाव टॉवेलच्या काठावरच्या सपाट पट्टीत घालणार असाल तर वरची फिल्म लागतच नाही. बायका सगळीकडे फिल्म टाकतात, पैसे फुकट जातात.

ही फिल्म पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची असते. आपल्या उन्हाळ्यात उघडी राहिली तर काचेसारखी कडक होऊन मोडते. कोकणातल्या बाईला पावसाळ्यात उलटा त्रास, तिच्याकडे ती ओलसर होऊन एकमेकींना चिकटते. दोघींनी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. उरलेले तुकडे मी टाकत नाही. बाटलीत थोड्या पाण्यात विरघळवते आणि मलमलसारख्या पातळ सुती कापडाला ब्रशने लावून वाळवते. कापड खळ दिल्यासारखं ताठ होतं. भरून झालं की धुऊन टाकायचं.

इथे थोडं विषयांतर करते, कारण मला ही गोष्ट फार आवडते. बाजारात आपण जिला जीपीओ लेस म्हणतो, ती फ्रेंचांची गिप्यूर. तिच्यात कापड नसतंच, नुसता धागा. कसं जमलं? स्वित्झर्लंडमध्ये इसाक ग्रोब्लीने 1863 मध्ये शिफली मशीन काढलं. त्याची धोटी, म्हणजे दुसरा धागा नेणारा भाग, होडीच्या आकाराची होती, म्हणून नावही ‘छोटी होडी’ असंच पडलं. पुढे 1880 च्या दशकात त्या भागात आणि जर्मनीतल्या प्लाउएनकडे रेशमी कापडावर सुती धाग्याने भरून, मग ते कापडच रसायनात विरघळवायची युक्ती निघाली. रेशीम अल्कलीत विरघळतं, सूत टिकतं. उरते ती लेस. म्हणजे अख्खं रेशमी कापड त्यांनी कागदासारखं वापरून संपवलं! आज तेच काम आपण पाण्याने करतो. फक्त एक अट तेव्हाही होती, आजही आहे: टाके एकमेकांत गुंतलेले हवेत. नाहीतर फिल्म विरघळल्यावर हातात धाग्यांचा गुंता येतो.

पैठणीच्या ब्लाउजकडे येते. माझी सगळ्यात महागडी चूक इथली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका गिऱ्हाइकाचा रेशमी ब्लाउज पीस आला, पाठीवर मोर. मी हुशारी केली, मागे कागद दिसू नये म्हणून पाण्यात विरघळणारा लावला. मोर सुंदर उतरला. मग मागून पाण्याचा फवारा मारला. वाळल्यावर मोराभोवती पाण्याचे डाग, शेंदरी रंगावर बशीएवढं गडद कडं. नवीन पीस आणून द्यावा लागला, मजुरीही गेली. तेव्हापासून, जे कापड पाण्यात घालायची हिंमत नाही त्याला पाण्याचा कागद नाही. रेशमाखाली मी त्याच रंगाचं ऑर्गंझा, म्हणजे पारदर्शक ताठ कापड, लावते. ते कायम आतच राहतं, वर अस्तर येतं, कोणाला दिसत नाही. पातळ असतं पण ताणत नाही.

मखमलीला फ्रेममध्ये धरूच नका, वळ उठतो आणि जात नाही. फ्रेममध्ये फक्त कागद धरा, त्यावर चिकट स्प्रे मारून मखमल अलगद ठेवा. वरून फिल्म टाकली असेल तर ती नंतर हातानेच काढा, पाणी लावू नका. टोपीला जाड, ताठ टेअर-अवे, आणि डिझाइन मधून बाहेरच्या दिशेने शिवेल असं करून घ्या. रेक्झिनवर गच्च भरलेलं डिझाइन घेऊ नका. सुईचं भोक तिथे मिटत नाही.

मागून एक ताई विचारताहेत, वर्तमानपत्र का नको? आम्ही वर्षानुवर्षं तेच लावतो. लावा की, जुन्या कापडावर सराव करायला. गिऱ्हाइकाच्या मालाला नको. छपाईची शाई पांढऱ्या कापडाला लागते, आणि कागदाचा चुरा बॉबिन केसमध्ये, म्हणजे खालच्या धाग्याच्या डबीत, साचतो. मग खालचा धागा कधी घट्ट येतो, कधी सैल, आणि आपण सकाळभर धाग्याच्या ताणाचा स्क्रू फिरवत बसतो.

ती नेटची ओढणी जरा इकडे द्या. हं. फिल्म लावली होती ना? तिला सुईने इतकी छिद्रं पडली की ती मध्येच फाटली, आणि पाकळी तिरकी गेली. नेटला फिल्म नको, पाण्यातच विरघळणारा पण कापडासारखा दिसणारा कागद मिळतो, तो घ्या, दोन थर. फ्रेममध्ये नेट आणि कागद एकत्र धरा. झालं की कडेचा कागद कापा, कोमट पाण्यात बुडवून ठेवा, पिळू नका, टॉवेलवर सपाट वाळत घाला. हाताला कडक लागली तर कागद अजून आत आहे, परत पाण्यात घाला. आणि पंचिंगवाल्याला, म्हणजे मशीनसाठी डिझाइनची फाइल बनवणाऱ्याला, सांगून या पाकळीतले टाके निम्मे करून घ्या. एवढं गच्च नेटला पेलत नाही.