मोरीत उभं राहून काढलेला फोटो

गिरगावातल्या एका हौशी छायाचित्रण मंडळापुढे दिलेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं आवरलेलं.

नमस्कार मंडळी. वेळ सहाची होती, आत्ता सहा वाजून पंचवीस मिनिटं झालीत, आणि सातला हॉल योगासनांच्या वर्गाला द्यायचाय, असं मला दारातच बजावलंय. माझी ओळख करून देण्यात बारा मिनिटं गेली. त्यातली निम्मी माहिती माझ्या धाकट्या बहिणीची होती. पण चांगली होती, म्हणून मी मध्ये बोलले नाही.

फळ्यावर विषय लिहिलाय, ‘हौशी छायाचित्रकाराने कॅमेरा व लेन्स कशी निवडावी’. त्यावर येतेच. आधी ही टेप पहिल्या रांगेतून मागे फिरवा. शिवणाच्या डब्यातली आहे, साठ इंची. प्रत्येकाने आपल्या नाकापासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि लक्षात ठेवायचं. का, ते नंतर सांगते. हसू नका, मी एकतीस वर्षं नववी-दहावीला भूमिती शिकवलीय; याहून मोठ्या वर्गाला याहून वेडं काम लावलेलं आहे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या मंडळींतले. मला खात्री आहे, तेव्हाही सभा संपल्यावर एक जण मागे रेंगाळला असणार आणि हळूच म्हणाला असणार, ‘डॉक्टर, कॅमेरा कोणता घेऊ?’ आज एकशे सत्तर वर्षं होऊन गेली, प्रश्न तोच. माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, तुम्ही उभे कुठे राहणार? हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. मोरीत शिकले.

तर २०१२ साल. माझ्या पुतणीच्या मुलीचं बारसं. जागा इथून पाच मिनिटांवर, आमची जुनी चाळ, दुसरा मजला, खोली दहा बाय बारा. थकबाकीचे पैसे हातात आले होते आणि कॅमेरा घ्यायचं ठरलं होतं. माझा एक भाचा या विषयातला जाणकार. प्रत्येक घरात एक असतो. तो म्हणाला, “मामी, किट लेन्स अजिबात घेऊ नकोस. फिफ्टी घे. झूम म्हणजे आळस. पाय हाच आपला झूम.” किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळते ती झूमवाली, आणि फिफ्टी म्हणजे पन्नास मिलिमीटरची, झूम नसलेली. बोरीबंदरसमोरच्या गल्लीत एका दुकानात गेले, तर तिथला मुलगाही तेच म्हणाला. “मॅडम, फिफ्टी लो. बॅकग्राउंड एकदम मक्खन.” म्हणजे माणसाच्या मागचं सगळं लोण्यासारखं धूसर. दोन तज्ज्ञ एकमताने बोलल्यावर गणिताच्या बाईने काय बोलायचं? घेतली. क्रॉप सेन्सरची बॉडी, म्हणजे आतला चित्र टिपणारा तुकडा फिल्मच्या चौकटीपेक्षा छोटा असलेला कॅमेरा; लेन्स पन्नास मिलिमीटर, एफ १.८. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं. वर बॅग फुकट. ती बॅग आता कांदे आणायला जाते.

बारशाच्या दिवशी पाळणा दहा फुटी भिंतीला लावला होता. दोन आज्या, मोठ्या वन्सं, काकू, माम्या, सगळ्या पाळण्याभोवती. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ सुरू झालं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. मला काय दिसावं? पाळण्याची दोरी आणि वन्संचा अर्धा गाल. म्हटलं, पाय हाच झूम. मागे सरकले, पाठीला शोकेस लागलं. तिरपी सरकले, कॉट लागली. मग उंबरठा ओलांडून थेट मोरीत. एका बाजूला पिंप, पायाखाली ओलं, वर दोरीवर दुपटी. त्या पिंपाला टेकून मी माझ्या पहिल्या कॅमेऱ्याचा पहिला महत्त्वाचा फोटो काढला. त्यात माणसं आली तीन. बारशाला होती अठरा.

मग गॅलरीत गेले, तर मध्ये दार. दारातून दिसेल तेवढंच बारसं. आणखी मागे जायचं तर कठडा, आणि कठड्यानंतर खाली इस्त्रीवाला.

बरं, ते तीन जण तरी नीट यावेत? पाळण्यापाशी वाकलेली आजी सुरेख आली. तिच्या मागे हातभर अंतरावर मोठ्या वन्सं. त्या मक्खनमध्ये गेल्या. आठ फुटांवरून एफ १.८ला पुढेमागे मिळून जेमतेम सतरा सेंटिमीटर धारदार येतं, म्हणजे एक वीतसुद्धा नाही. आख्खी वन्सं त्यात कशी मावणार? त्यांनी तो फोटो पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, “वहिनी, मला पुसलंस का गं?” आजही आमच्याकडे कुठलाही फोटो निघाला की आधी विचारतात, मी आहे ना त्यात?

आणि शेजारच्या मुलाने दारात उभं राहून मोबाइलवर एक फोटो काढला. अठराच्या अठरा जण. तोच फ्रेम करून भिंतीवर लागला.

मी रात्री टेप घेऊन बसले. हीच टेप. कुठे पोचलीय ती? तिसरी रांग, ठीक. खोली बारा फूट. भिंतीशी माणसं आणि पाळणा, त्यात तीन फूट गेले. माझ्या पाठीमागे एक फूट. उरले आठ. आता नववीत जा. समरूप त्रिकोण. लेन्सच्या मागे सेन्सर, इवलासा त्रिकोण. लेन्सच्या पुढे तुमची माणसं, मोठा त्रिकोण. दोन्हींची बाजूंची गुणोत्तरं सारखी. म्हणजे सेन्सरच्या रुंदीला फोकल लेंग्थने, लेन्सवर लिहिलेल्या त्या मिलिमीटरने, भागा आणि अंतराने गुणा, समोरची किती रुंदी मावेल ते येतं. फोकल लेंग्थला शाळेत आपण नाभीय अंतर म्हणायचो, ते ऐकून मुलं हसायची. माझ्या सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिलिमीटर. साडेतेवीस भागिले पन्नास, गुणिले आठ. पावणेचार फूट! पावणेचार फुटांत तीनच जणी येणार हो. भाच्याच्या पायांचा, झूमचा, कशाचा संबंध नाही. फळ्यावर पाच सेकंदांत दिसलं असतं.

त्याच जागेवरून किट लेन्सच्या अठरा मिलिमीटरला साडेदहा फूट येतात. म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत. जी लेन्स ‘सब को मिलता है’ म्हणून दुकानातच राहिली, तीच त्या खोलीच्या मापाची होती. आणि मोबाइलची मुख्य लेन्स फिल्मच्या हिशोबात साधारण चोवीस ते अठ्ठावीस मिलिमीटरची असते, म्हणून तो मुलगा जिंकला. त्याची कला वगैरे नंतर.

आता फिफ्टीचा सल्ला खोटा होता का? नाही, शिळा होता. फिल्मची चौकट छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरची. तिच्यावर पन्नासची लेन्स आठ फुटांवरून पावणेसहा फूट घेते. बसतील पाच-सहा जण दाटीवाटीने. आपल्यातल्या ज्यांनी रोल भरलेत त्यांच्या कॅमेऱ्याबरोबर बहुधा पन्नासचीच यायची. पुढे डिजिटल आलं. मोठा सेन्सर म्हणजे सिलिकॉनच्या एका चकतीतून कमी नग, म्हणून तो महाग. तेव्हा परवडणाऱ्या कॅमेऱ्यांत छोटा बसवला. फिल्म आटली, सल्ला तेवढाच राहिला. आईचं ब्लाउजचं माप मुलीला द्यावं, तसं झालं ते.

इथे एक आडवी गोष्ट. बीडीडी चाळीतल्या खोल्या एकशे साठ चौरस फुटांच्या, आणि पुनर्विकासात घर मिळतंय पाचशे चौरस फुटांचं. लोक विचारतात, देखभाल खर्च किती येणार, पार्किंग मिळणार का. मी म्हणते, लेन्सचा हिशोब बदलला, हे कुणाच्या लक्षात येत नाही. …हो, चिठ्ठी मिळाली. वीस मिनिटं. ठीक.

दुसरं टोक सांगते, शिवडीचं. रोहित पक्षी. आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ सहाशेची लेन्स घेऊन येतात. लेन्स म्हणजे काय, तोफ. तिला पाय तीन, आणि उचलायला ड्रायव्हर. माझ्याकडे तीनशे, लोकलमध्ये मांडीवर मावते. लेडीज डब्यात एकीने विचारलं, “दुधी आहे का?” तर शंभर मीटरवरून माझ्या तीनशेत पावणेआठ मीटर रुंदीचा चिखल येतो, त्यात एक पक्षी म्हणजे ताटातली लोणच्याची फोड. त्यांच्या सहाशेत बरोबर निम्मा चिखल. मला वाईट वाटायचं. पण रोहित खातो पाण्याच्या कडेकडेने. ओहोटीला पाणी दूर, पक्षी दूर. भरती चढायला लागली की पाणी त्यांना धक्क्याकडे ढकलत आणतं. अंतर शंभराचं पन्नास झालं की माझ्या तीनशेची सहाशे झाली की नाही? गुणोत्तर तेच! आणि भरतीची वेळ आपल्याकडे बोटांवर येते, तिथीच्या पाऊणपट. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. कोळ्यांना विचारा, ते घड्याळही बघत नाहीत. त्याच्या दीड-दोन तास आधी जाऊन उभं राहायचं. शिवाय दूरवर जो धुरकट पडदा असतो तो सहाशेने फाटत नाही, उलट मोठा होऊन दिसतो. आता अटल सेतू तिथूनच निघतो, तो पाठीमागे येऊ द्यायचा की नाही हा वेगळा वाद आहे आणि माझं मत मी चहाच्या वेळी देईन.

गणपतीचंही असंच. वीस फुटी मूर्ती, कॅमेरा उभा धरलात तर अठराच्या लेन्सला पंधरा-सोळा फूट मागे जावं लागतं. लालबागच्या गल्लीत विसर्जनाच्या दिवशी सोळा फूट मोकळी जागा कुणी पाहिली असेल तर हात वर करा. …बघा. म्हणून तिथे दहा-बारा मिलिमीटरपासून सुरू होणारी वाइड लागते, नाहीतर पहिल्या मजल्यावर ओळखीचं घर लागतं. ओळखीचं घर स्वस्त पडतं, आणि चहा मिळतो.

किती राहिली? नऊ मिनिटं? अरे बापरे. कॅमेरा राहिलाच. चला, भरभर. लिहून घ्या.

अंतर ठरलं की लेन्स ठरते. मग उजेड बघायचा. किट लेन्स पंचावन्नला एफ ५.६वर जाते, तिच्यापेक्षा एफ १.८ जवळजवळ दहापट उजेड आत घेते. शाळेचं गॅदरिंग, नाटक, देवळाचा गाभारा असं काही काढणार असाल तर त्या दहापटीला पैसे द्या. शिवडीच्या उन्हात देऊ नका.

मग बॉडी. मेगापिक्सेल विसरा. चोवीस म्हणजे सहा हजार बाय चार हजार ठिपके. इंचाला तीनशे ठिपके धरले तरी बारा बाय अठराचा अल्बम आरामात छापला जातो. फोर-के टीव्हीला आठ-सव्वाआठ पुरतात. आणि आपले बहुतेक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आकसून जातात, त्यांचं तर बोलायलाच नको. फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरची बॉडी, घ्यावी का? अंधारात फायदा आहे, नक्की. पण बॉडीपाठोपाठ प्रत्येक लेन्स मोठी, जड आणि महाग होत जाते. लोकलने जाणाऱ्याने आधी पिशवी खांद्याला लावून दादरचा जिना चढून बघावा.

माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ते कडं, महत्त्वाचा. त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉनच्या १९५९च्या जुन्या माउंटात साडेसेहेचाळीस मिलिमीटर, २०१८च्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या, माउंटात सोळा. आरसा गेला, जागा वाचली. त्यामुळे जुनी लेन्स मध्ये अडॅप्टर घालून नव्या बॉडीवर चढते, नवी लेन्स जुन्यावर चढत नाही. काकांनी दिलेली लेन्स घरात असेल तर हे आधी पाहा. आणि तिच्यात फोकसची मोटर आहे का तेही पाहा, कारण निकॉनच्या स्वस्त डीएसएलआर, म्हणजे आरसावाल्या, बॉडींमध्ये, डी ३५००सारख्या, ती मोटर नसते; मग हाताने फिरवत बसा. मी तर म्हणते, बसावं.

सेकंडहँड जरूर घ्या, पण दुकानात टॉर्च घेऊन जा. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारायचा, दुसरीकडून बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की फंगस. मुंबईच्या पावसाळ्यात तीन महिने कपाटात चामड्याच्या केसमध्ये ठेवलेली लेन्स म्हणजे बुरशीची शेती आहे. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, दीड-दोनशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं यंत्र, काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये. तांदूळ घालू नका. पिठी उडते, आणि टोके झाले तर लेन्सला झालेत की तांदळाला, हे कळत नाही.

हो, हो, आले योगासनवाले, दिसले मला. एकच प्रश्न घेते. मागे कोण? …‘त्या फिफ्टीचं काय झालं?’ आहे की! ज्या मुलीचं बारसं, ती आता नाटकात कामं करते. मी चौथ्या रांगेत बसते, स्टेज पंचवीस फुटांवर. साडेतेवीस भागिले पन्नास, गुणिले पंचवीस, पावणेबारा फूट. उजेड कमी, तीन-चार मुलं, मागचा पडदा मक्खन. त्या लेन्सला तिची जागा मिळाली, फक्त बारा-तेरा वर्षं लागली. मोठ्या वन्सं शेजारी बसलेल्या असतात, फोटोत नसतात, त्यामुळे तक्रार नाही.

काय म्हणालात? खुर्चीपर्यंतचं अंतर मोजलं त्याचं काय करायचं? अय्या, ते राहिलंच. पुढच्या महिन्यात बघू. टेप मात्र आत्ता परत द्या, ती डब्यात नसली तर घरी विचारणा होते.