भंडारदऱ्याला कधी जावं?

नमस्कार श्रोतेहो.

भंडारदऱ्याला कोणत्या महिन्यात जावं, असं मला वर्षभर कुणी ना कुणी विचारत असतं. विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलंच असतं: जुलै. पाऊस, धबधबे, भाजलेलं कणीस, झालं! मी उलट विचारतो, पाणी कुठवर आलेलं पाहायचंय तुम्हाला? यावर लोक माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघतात.

पण प्रश्न रास्त आहे. सह्याद्रीच्या कुशीतला हा तलाव आपोआप झालेला नाही, ते धरण आहे. अकोले तालुक्यात शेंडी गावापाशी प्रवरा अडवून इंग्रजांनी 1926 साली ही दगडी भिंत पुरी केली. साठा सुमारे 11 टीएमसी, म्हणजे 11 अब्ज घनफूट. आणि हे पाणी तुमच्या-माझ्या सहलीसाठी साठवलेलं नाही. खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून दोन कालवे निघतात, ते थेट संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या रानात जातात. तिकडच्या उसाला तहान लागली की इकडचा काठ मागे सरकतो. ऑगस्टमध्ये जिथं उभं राहून तुम्ही फोटो काढता, त्याच्या पुढं खाली उतरत जाणारी एक आख्खी जमीन बुडालेली असते. ती जमीन बघायची तर उन्हाळ्यात जावं लागतं.

मी एकदा मे महिन्यात गेलो होतो. घोटी सोडली, बारीवरून शेंडीत आलो आणि तलावाला वळसा घालणाऱ्या रस्त्यानं मुरशेत, पांजरे करत उडदावण्याकडं निघालो. वाटेत एका घरी जेवायला थांबलो. तांदळाची भाकरी, पिठलं, वाटलेल्या मिरचीचा ठेचा. जेवून हात धुतला आणि म्हटलं, "मावशी, जरा पाण्यावर जाऊन येतो." त्या हसल्या. "पाणी लांब गेलंय दादा. टोपी घालून जा." खरंच लांब होतं. आधी गवताचे खुंट, मग भेगाळलेली माती, मग ओला गाळ. गाळात गुरांच्या खुरांचे ठसे, आणि प्रत्येक ठशात वाटीभर पाणी. कडेच्या खडकांवर आडवे पट्टे उठलेले; पाणी टप्प्याटप्प्यानं कसं उतरत गेलं ते त्यांवरून वाचता येतं. एका चपट्या काळ्या दगडावर बूट काढून ठेवले आणि पाय पाण्यात सोडून तासभर बसलो. समोर रतनगड, त्याच्या माथ्यावरचं ते नेढं, म्हणजे खडकाला आरपार पडलेलं भोक. दुसरं माणूस नाही. वाऱ्याचा आवाज सोडला तर काही नाही. एवढी शांतता मला तिथं जुलैत कधी मिळालेली नाही.

मे संपत आला की काजवे निघतात. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर हजारोंनी असतात. एक झाड लुकलुकतं, ती लाट शेजारच्या झाडावर सरकते, मग पुढच्या. मोठा पाऊस सुरू झाला की हा खेळ आटोपतो. आता जरा तक्रार करतो, ऐकून घ्या. या चमकण्यात नर-मादी एकमेकांना हाका घालत असतात. त्यांच्या अंगावर गाडीचे दिवे सोडले, मोबाईलची बॅटरी मारली, की त्या हाका पोचतच नाहीत. शनिवारी रात्री रस्त्यावर गाड्यांची रांग आणि प्रत्येकीचे दिवे चालू. दोनशे किलोमीटर काळोख बघायला यायचं आणि उजेड बरोबर घेऊन यायचा, याला काय म्हणावं! आठवड्याच्या मधल्या वारी जा. गाडी लांब लावा. दहा मिनिटं नुसते उभे राहा, डोळे आपोआप सरावतात.

पावसाळ्याचं मी फार सांगत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात; तिथल्या कोकणकड्यावर उभं राहिलं तर ढगाशिवाय काही दिसत नाही, आणि तेच बघायचं असतं. रंधा धबधबा गर्जत असतो. धरणातून पाणी सोडलं की भिंतीच्या पायथ्याशी ते गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं, तो अंब्रेला फॉल. मला मात्र रतनवाडीचं अमृतेश्वर जास्त आवडतं. काळ्या दगडाचं कोरीव मंदिर, शेजारी पुष्करणी, आणि पावसात गाभाऱ्यातली पिंड पाण्याखाली. आजूबाजूच्या खाचरांत तेव्हा भाताची आवणी चाललेली असते. बांधावरून चालताना रोपं तुडवू नका, एवढंच सांगणं. आणि सांदण दरीत पावसाळ्यात पाऊलही टाकायचं नाही. ती अरुंद घळ म्हणजे पाण्याची वाट आहे, वर कुठं पडलेला पाऊस क्षणात तिच्यात उतरतो.

सांदणला जायचं ते थंडीत. साम्रद गावातून वाट आहे. दोन्ही अंगांना उंच कातळ, तळाशी ऊन दुपारीच काय ते डोकावतं, आणि मध्ये एका ठिकाणी थंडगार पाण्यातून पार व्हावं लागतं. पट्टीचे ट्रेकर तिथून दोर लावून थेट कोकणात उतरतात. मी नाही उतरलो, गुडघे ऐकत नाहीत. कळसूबाई मात्र चढलो आहे. बारीतून वाट, लोखंडी शिड्या, 1646 मीटर, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर उतार सोनकीनं पिवळेधमक असतात, आणि माथ्यावरून हा तलाव काठोकाठ भरलेला दिसतो.

डिसेंबरात काठावर तंबू लागतात. रात्री थंडी हाडापर्यंत जाते, पहाटे पाण्यावरून वाफ उठते. तंबू गावातल्या माणसाकडूनच घ्या; जेवण त्याच्याच घरचं येतं आणि पैसा गावात राहतो. पोहायला उतरू नका. काठ वरून सपाट वाटतो, खाली एकदम तुटतो. नावेत बसाल तर लाइफ जॅकेट मागून घ्या, लाजू नका.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मी पुन्हा त्या घरी गेलो. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. ओसरीवर उभा राहून माझा तो चपटा दगड शोधत होतो. मावशींनी विचारलं, काय हुडकताय? सांगितलं. त्यांनी चहाचा कप हातात दिला आणि तलावाकडं हनुवटी करून म्हणाल्या, "त्यावर आता चार पुरुष पाणी हाय. मे महिन्यात या."

नमस्कार.